अकरा मिनिटांपुढचा आलेख

राजेंद्र नगर, इंदूर
७ एप्रिल

प्रिय आरू,

पाकिटावरचं माझं अक्षर बघून तू आधी घाबरशील आणि मग हसशील, असा माझा अंदाज आहे. दहा ओळींचा निबंध लिहायला दोन दिवस लावणारा तुझा दादा पानंच्या पानं लिहायला बसला, म्हणजे काहीतरी बिनसलंय हे तुला कळणारच. बिनसलंय तर आहेच. पण आधी तुझ्या हाताचं सांग. प्लास्टर निघालं असं मधुवंतीने तुझ्या पूर्वावहिनीला कळवलं. बोटं अजून पुरती मिटत नाहीत आणि तू डाव्या हाताने भात कालवतेस, हेही कळवलं. नागपूरला ही मैत्रीण आहे म्हणून बरं, नाहीतर आई-नाना गेल्यावर तुला जायला माझ्याशिवाय जागा नव्हती, आणि माझ्याकडे राहायला तू का तयार झाली नाहीस हे मी इतके दिवस स्वतःला विचारलंच नाही. फोन वाजला की तू अजून दचकतेस म्हणे. म्हणून फोन न करता लिहितोय. हे एक कारण. दुसरं आहे, ते लिहायचं धैर्य येईपर्यंत मी इकडचं तिकडचं सांगणार आहे, तेवढं सोसून घे.

चार तारखेला तू कोर्टात आली नाहीस ते फार बरं झालं. माझी तिथे जी शोभा झाली ती निदान तुझ्या डोळ्यांसमोर झाली नाही. तू ओट्यावरच्या तांदळाच्या डब्यामागे जुना फोन चालू करून ठेवला होतास, त्या चाळीस मिनिटांच्या रेकॉर्डिंगवरून मी आलेख काढला आणि कोणत्या सेकंदाला मार पडला त्याची यादी केली, एवढं तुला माहीत आहे. आपल्या वकील शालिनीजींनी तो आलेख आपल्या अर्जाला जोडला होता. पोलिसांच्या प्रयोगशाळेचा अहवाल यायला अजून सहा महिने लागतील म्हणतात, तोवर आपल्या हातात तेवढाच कागद. विक्रमच्या वकिलाने तो उचलला, चष्मा वर केला आणि मॅजिस्ट्रेट मॅडमना म्हणाला, "मॅडम, इसमें देखिए, एक ही सेकंद में दो-दो थप्पड़. तीन मिनट सात सेकंद, दो. चार मिनट बारा सेकंद, दो. मेरे मुवक्किल के हाथ कितने हैं, ये भी इंजीनियर साहब बता दें." लोक हसले. मागच्या बाकावर विक्रम बसला होता, तोही खाली मान घालून हसला. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली आणि तरी मी गप्प बसलो, कारण तो वकील खरं बोलत होता.

तू मला नेहमी चिडवायचीस की दादा दिवसभर वाकड्या रेघा बघतो आणि त्याचा पगार घेतो. तेच माझं काम. मोठ्या यंत्रांची थरथर आम्ही मोजतो, आणि संगणकाच्या ज्या जुन्या भाषेत आम्ही आलेख काढतो तिच्यात एक शब्द लिहिला की रेघ उमटते, दुसरा लिहिला की तिच्यावर दुसरी रेघ चढते, आणि कर्सर हा आदेश दिला की पडद्यावर उभी-आडवी फुली येते. रेघेवर हवं त्या जागी फुली नेऊन माउसचं डावं बटण दाबायचं, की ती जागा किती सेकंदाची ते नोंदवलं जातं. संपलं की उजवं बटण दाबायचं. तुझं रेकॉर्डिंग मी असंच पडद्यावर मांडलं. आडवी वेळ, उभा आवाज. कानाला हेडफोन लावला आणि एकेका जागी डावं बटण दाबत गेलो.

कसं असतं ते सांगतो. ऐकवत नसेल तर हा भाग सोड. ताट पडलं की रेघ उंच जाते आणि मग बराच वेळ थरथरत राहते, स्टील घुमतं म्हणून. थप्पड उंच जाते आणि तिथल्या तिथे विझते. मूठ उंच जातच नाही, ती जाड आणि बुटकी दिसते, आणि तिच्यामागून तुझा श्वास सुटल्याची बारीक झालर येते. कुकरची शिट्टी सुरुवातीला मला तुझी किंकाळी वाटली होती. वीस वर्षं मी बेअरिंगचे तडे असे ओळखतो, आणि ही विद्या मला तुझ्या पाठीवर वापरावी लागेल असं कधी वाटलं नव्हतं. तू शाळेत नोकरीचा अर्ज केलास एवढ्यावरून सुरू झालं. "मुझसे बिना पूछे? मला न विचारता?" असं तो प्रत्येक फटक्याला म्हणत होता, शिकवताना एखादं सूत्र पोरांकडून घोकून घेतात तसं. त्याला आपण वरण-भात वाढला आहे, जावई म्हणून दिवाळसणाला ओवाळलं आहे. बटण दाबताना माझं बोट पांढरं पडत होतं.

आणि तिथेच घोळ झाला. कर्सरचा एक वाईट गुण आहे. तो बटण दाबलं गेलंय का एवढंच बघतो, सोडलं का ते बघत नाही. एक खूण उमटायला अर्धा सेकंद जातो, आणि तेवढ्यात बोट उचललं नाही तर त्याच जागी दुसरी खूण होते. म्हणून आधी बटण सुटण्याची वाट पाहणारी एक ओळ लिहावी लागते. ती ओळ लिहायला मी नव्या येणाऱ्या प्रत्येकाला शिकवतो. आमच्या श्रीकृष्णला तर या एका ओळीवरून चारचौघांत झापलं होतं मी. आणि माझ्या बहिणीचा मार मोजताना नेमका मीच ती विसरलो. जिथे मार हलका होता तिथे माझं बोट वेळेवर उचललं गेलं आणि एकच खूण पडली. जिथे जोराचा होता तिथे मी बटण दाबून धरलं. एकोणीस फटक्यांचे एकतीस झाले. तुला जिथे सगळ्यांत जास्त लागलं, तेवढेच फटके कोर्टात खोटे ठरले.

मॅडम हसल्या नाहीत. त्या म्हणाल्या, चूक दुरुस्त करून आणा आणि अठरा तारखेला स्वतः हजर राहा. बाहेर आल्यावर शालिनीजींनी मला जिन्यात गाठलं. "यतीनजी, एक तर तुम्ही तिकडे जाऊन मारामारी केली, वरून हे. मला आता केस लढू द्याल का तुम्ही, की रोज नवीन तमाशा?" 

मारामारीचं तुला मधुवंतीकडून अर्धवट कळलं असेल. पूर्ण ऐक. मार्चच्या पहिल्या आठवड्यात, आलेख दाखल केल्यावर चार दिवसांनी, मी ऑफिसातून निघालो तो घरी न येता भंवरकुआंला विक्रमच्या कोचिंग क्लासवर गेलो. दुपारचे दोन वाजले होते. त्याचा वर्ग भरला होता, दीडशे तरी पोरं असतील, पंखे गरगरत होते आणि तो फळ्यावर वेग आणि वेळेचा आलेख काढत होता. कॉलरला तो छोटा माइक अडकवलेला. मला बघून म्हणाला, "अरे भिया, आप? बैठिए, पाच मिनट." इतक्या गोड आवाजात म्हणाला की पुढच्या रांगेतल्या पोरांनी सरकून मला जागा करून दिली. मी बसलो नाही. पहिला ठोसा त्याच्या तोंडावर मारला आणि तो माइकमधून सगळ्या हॉलमध्ये वाजला. दुसराही वाजला. त्याचं डोकं मी फळ्यावर आपटलं तेव्हा स्पीकर किंचाळले आणि मागच्या मुली ओरडायला लागल्या. त्याच्या नाकातलं रक्त माझ्या बाहीवर होतं आणि मला, आरू, बरं वाटत होतं. खोटं कशाला सांगू? फार बरं वाटत होतं. मग पोरांनी मला खाली पाडलं. त्यांच्या लाडक्या सरांना कोणी मारतंय म्हटल्यावर ती काय करणार? बरगडीत लाथा बसल्या, एक दात गेला. कोणीतरी बाकाची फळी आणली होती, ती मात्र विक्रमनेच अडवली. नाकाला रुमाल लावून, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "छोड़ दो, बच्चो. घर के आदमी हैं. भिया, घर की बात घर में करते हैं." पोरांनी टाळ्या वाजवल्या. आता माझ्यावर केस आहे, आणि तो भला माणूस आहे.

लोकांना वाटलं, बहिणीसाठी भाऊ पेटून उठला. पूर्वालाही तसंच वाटलं, माझ्या बरगड्या शेकताना ती रडली होती. मीही तसंच समजत होतो.

या आठवड्यात मला आपल्या लहानपणचं फार आठवलं. नानांची ती लाकडी फूटपट्टी. मी अकरा वर्षांचा, तू सहा. गणितात नापास झालो म्हणून त्यांनी मला मोरीपाशी उभं करून मारलं होतं, पट्टी मोडली आणि मग हातांनी. आई स्वयंपाकघराच्या दारात पदर तोंडाशी धरून उभी. तू अनवाणी पळत शेजारी गेलीस आणि गंगूबाईंना पदराला धरून ओढत घेऊन आलीस. त्यांच्या हाताला पीठ तसंच होतं. "वासुदेवजी, बस करो अब, छोरे की जान लोगे क्या?" एवढंच त्या बोलल्या आणि नाना थांबले. त्यानंतर त्यांनी तुलाही दोन ठेवून दिल्या, बाहेर जाऊन घराची अब्रू घालवलीस म्हणून. तुझे गाल दोन दिवस सुजले होते. तू मला तेव्हा सांगितलं होतंस की परत मारलं तर मी परत जाईन. सहा वर्षांची होतीस.

बरं, आता पुढचं. दुरुस्ती करायला म्हणून मी परवा प्रोग्राम परत उघडला. ती राहिलेली ओळ घातली, खुणा पुन्हा केल्या. एकोणीस बरोबर आले. अकरा मिनिटं चार सेकंदांपाशी मागच्या वेळी मी उजवं बटण दाबून काम संपवलं होतं. शालिनीजींनी तेव्हा विचारलं होतं की रेकॉर्डिंग चाळीस मिनिटांचं आणि आलेख अकरा मिनिटांचा कसा. मी सांगितलं की पुढे नुसता गोंगाट आहे, काही वेगळं दिसत नाही. त्यांनी माझ्यावर भरोसा ठेवला, कारण त्या वकील आहेत आणि रेघा मला कळतात. परवा मी तिथे थांबलो नाही. पहिल्यांदाच पुढचं ऐकलं.

अकरा मिनिटं एकतीस सेकंदांना तुझं मनगट मोडतं. ओट्यावर. आधी एक उंच सरळ रेघ आहे, कोरडी, लाकूड मोडल्यासारखी. मग तुझा आवाज, आणि तो इतका मोठा आहे की जुन्या फोनमध्ये तो मावलेला नाही, रेघेचा माथा वरून कापल्यासारखा सपाट झालाय. तो माथा दोन सेकंद तसाच राहतो. मग तो म्हणतो, "अब लगा फोन. लगा!" त्यानंतर आणखी नऊ आहेत. मग टीव्ही लागतो, मॅच चालू असते, आणि तेविसाव्या मिनिटाला तो तुला चहा करायला सांगतो. तू मोडक्या हाताने केलास. कपाचा आवाज आहे. विक्रम कोर्टात म्हणतोय की मनगट दुसऱ्या दिवशी बाथरूममध्ये घसरून मोडलं, आणि डॉक्टरांच्या कागदावर वेळ नाही, म्हणून त्याच्यावर हाड मोडल्याचं कलम लागत नाही. फक्त मारहाण. दंड भरेल, एखादा महिना फार तर, आणि परत फळ्यासमोर उभा राहील. त्याला अडकवणारे ते सत्तावीस सेकंद माझ्याकडे दीड महिना पडून होते. मी उजवं बटण दाबून ते बाहेर ठेवले होते.

का ठेवले, ते तुला माहीत आहे. तेवढं लिहायलाच मला चार पानं लागली.

अकरा मिनिटं चार सेकंदांपासून आलेखात बारीक जोडटेकड्या आहेत. दोन शेजारी, मग दोन सेकंद मोकळे, परत दोन. फोनची घंटी. ती ओळखूनच मागच्या वेळी मी तिथे थांबलो होतो. तू तुझा रोजचा फोन उचलला होतास आणि माझा नंबर लावून स्पीकर दाबला होतास. चार वेळा घंटी जाते आणि मग ती बाई म्हणते की आप जिनसे बात करना चाहते हैं वे व्यस्त हैं. फोन कोणी उचलला नाही तर ती बाई असं म्हणत नाही. तो कापला तरच म्हणते.

दुसऱ्या दिवशी तुझ्या शेजारच्या कस्तुरीकाकूंनी तुला दवाखान्यात नेलं आणि मी धावत आलो, तेव्हा मी काय म्हणालो होतो? फोन सायलेंटवर होता, ड्रॉवरमध्ये राहिला, मला कळलंच नाही. तू म्हणालीस, "असू दे रे दादा." खरं हे आहे की त्या रविवारी दुपारी मी लॅबमध्ये होतो, फोन टेबलावर समोर होता, त्यावर तुझं नाव आलं आणि मी डाव्या हाताने तो कापला. मी यंत्राच्या खुणा करत होतो असं म्हणू शकतो. पण कर्सरला घाई नसते, मी उठून दोन तासांनी आलो असतो तरी ती फुली तिथेच थांबली असती. मी कापला, कारण त्या आठवड्यात तुझा तो तिसरा फोन होता. मला कंटाळा आला होता. तू रडणार, मी "थोडं सांभाळून घे" म्हणणार, आणि मला परत अपराधी वाटणार, याचा कंटाळा. माझा राग विक्रमच्या तोंडावर काढून आलो, तेव्हा मी खरं कोणाला मारत होतो ते मला परवा कळलं. पूर्वाला काल सांगितलं. ऐकून तिने माझं ताट वाढलं आणि उठून आत गेली.

त्या बाईच्या आवाजानंतर विक्रम हसतो आणि म्हणतो, "देख, काट दिया तेरे दादा ने. अब किसको लगाएगी?" हे वाक्य तू ऐकलंस. तुझ्या कानाशी म्हटलंय ते. म्हणजे दवाखान्यात मी ड्रॉवरची गोष्ट सांगत होतो तेव्हा तुला सगळं माहीत होतं, आणि तू "असू दे" म्हणालीस ते मला सोडून देण्यासाठी. काल शालिनीजींना सगळं कबूल केलं तेव्हा त्या डोक्याला हात लावून बसल्या आणि मग म्हणाल्या, "अब समझ में आया. आर्याचा मेसेज आला होता मागे, की अकरा मिनिटं पुरेत, पुढचं कोर्टात वाजवू नका. मला वाटलं बिचारी लाजते." तू लाजत नव्हतीस, आरू. तू मला वाचवत होतीस, आणि त्यासाठी आपल्या मोडलेल्या हाताचा पुरावा सोडून देत होतीस. अर्ज तुझ्या नावाचा आहे, तू नको म्हटलंस तर शालिनीजी वाजवणार नाहीत आणि अकरा मिनिटांचा दुरुस्त आलेखच पुढे जाईल. म्हणून हे पत्र. माफी मागायला लिहिलेलं नाही, ती मागण्याइतका मी अजून लायक नाही. शालिनीजींना एवढंच कळव की चाळीसच्या चाळीस मिनिटं वाजवा. अठरा तारखेला विक्रमचं ते वाक्य सगळ्यांसमोर वाजेल, त्याचा वकील विचारेल की तो फोन कोणाला लावला होता, आणि मी उभा राहून सांगेन की मला लावला होता, आणि मी कापला. तेव्हा तू माझ्याकडे बघ, नाहीतर बघू नकोस. पण मला वाचवू नकोस.

तू म्हणू देत असशील तर अजून तुझाच,
यतीनदादा